अंतर कळते ते हलण्यामुळे

सेवाग्राम जंक्शन सोडून नागपूरकडे निघालेली गाडी सेलू रोड, तुळजापूर मागे टाकत सिंदीकडे जाते, तेव्हा खिडकीबाहेरचा एकच सपाट मुलूख निरनिराळ्या वेगांनी धावताना दिसतो. रुळालगतचे खांब नजरेला धरवत नाहीत. त्यांच्यामागची पऱ्हाटीची तासे एकेक करून उघडतात आणि मिटतात. वावरातल्या विहिरीजवळचे कडुनिंबाचे झाड सावकाश मागे सरते आणि क्षितिजावरची टेकडी जागची हलल्यासारखी वाटतच नाही. यामागचा हिशेब साधा आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर जात असेल, तर बरोबर आडव्या दिशेला १० मीटरवर असलेला खांब नजरेसमोरून सेकंदाला सुमारे ९५ अंश सरकतो. १०० मीटरवरचे झाड साडेनऊ अंश सरकते आणि एक किलोमीटरवरची टेकडी एका अंशाहूनही थोडी कमी. अंतर दहापट झाले की सरकण्याचा वेग दहाव्या हिश्शावर येतो. प्रत्येक वस्तूचे अंतर असे तिच्या सरकण्याच्या वेगात उतरलेले असते. माणसाचा मेंदू हा वेग वापरतो का, वापरत असेल तर किती नेमकेपणाने, आणि तो फसतो कुठे, या प्रश्नांवर दीडशेहून अधिक वर्षे काम झाले आहे. त्या कामाचा आढावा घेताना माझे म्हणणे एवढेच आहे: उघड्या रानात, रस्त्यावर आणि जंगलात अंतराची जाण देण्याचे श्रेय आपण दोन डोळ्यांना देतो, पण ते बरेचसे हालचालीचे आहे, आणि ही हालचाल उपयोगी पडते ती मेंदूला स्वतःच्या हलण्याचा पत्ता असतो म्हणून.

आधी दोन डोळ्यांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती कमकुवत नाही. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टनने स्टिरिओस्कोप दाखवला आणि दोन डोळ्यांना मिळणाऱ्या किंचित वेगळ्या चित्रांतून खोली उभी राहते हे सिद्ध केले. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत खोलीच्या जाणिवेचा धडा दोन डोळ्यांपासून सुरू होतो. आपल्या दोन डोळ्यांत सरासरी ६.३ सेंटिमीटर अंतर असते. दोन्ही डोळ्यांतल्या चित्रांतला २० विकला, म्हणजे एका अंशाचा एकशे ऐंशीवा भाग, एवढा फरक ओळखू शकणारी नजर घेतली, तर एक मीटरवर ती दीड मिलिमीटर पुढे-मागे असलेल्या वस्तू वेगळ्या ओळखते. सुईत दोरा ओवताना किंवा बोंडातला कापूस चिमटीत धरताना याहून चांगले साधन नाही. पण ही सूक्ष्मता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ढासळते. दहा मीटरवर तीच नजर साधारण १५ सेंटिमीटरचा फरक ओळखते. शंभर मीटरवर हा आकडा १५ मीटर होतो, आणि तीनशे मीटरवर सुमारे १४० मीटर. एका धुऱ्यावर उभे राहून पलीकडच्या धुऱ्यावरचा बैल झाडाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे नुसत्या दोन डोळ्यांच्या फरकावरून सांगणे अवघड होते. तोच माणूस चार पावले चालला की गणित पालटते. सामान्य चालीने माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो. डोळ्यांमधल्या अंतराच्या हे बावीसपट आहे. दोन डोळे एकाच क्षणी जे दोन बिंदूंवरून पाहतात, ते चालणारा एकच डोळा एका सेकंदात कितीतरी लांबच्या दोन बिंदूंवरून पाहतो. पाहणाऱ्याची जागा बदलल्याने वस्तू सरकल्यासारखी दिसण्याला खगोलशास्त्रात पराशय म्हणतात. ताऱ्यांची अंतरे त्यावरूनच मोजली गेली. चालणारा माणूस नकळत तेच करत असतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दूरच्या अंतरासाठी दोन डोळे निरुपयोगी ठरले म्हणून ते काम हालचालच करते असे कशावरून? चित्रकार वापरतो त्या खुणा आहेतच: जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते, दूरची माणसे लहान दिसतात, तासे क्षितिजाकडे जुळत जातात, लांबच्या टेकड्या निळसर होतात. वैशाखातल्या धुळकट उजेडात विदर्भातल्या माणसाला शेवटची खूण रोज दिसते. या खुणा खऱ्या आहेत, पण त्यांची मर्यादाही ठरलेली आहे. झाकण्यावरून फक्त क्रम कळतो, मधले अंतर कळत नाही. लहान दिसण्यावरून अंतर काढायचे तर मूळ आकार ठाऊक असावा लागतो. लांबून दिसणारे वासरू आहे की गाय हे आधी माहीत नसेल तर अंदाज चुकतो. निळसरपणा हवेवर अवलंबून असल्यामुळे पावसाने हवा धुऊन निघाली की तीच टेकडी जवळ आल्यासारखी वाटते. हालचालीच्या खुणेला वस्तूची ओळख लागत नाही. काळी आकृती असो की अनोळखी यंत्र, पाहणारा सरकला की जवळचे जास्त सरकते आणि लांबचे कमी. म्हणून सगळ्या खुणा एकत्र काम करतात हे मान्य करूनही, ओळखीची उधारी न घेता अंतर देणारी दूरची खूण हालचालच आहे असे मला वाटते.

हे सर्वांत स्पष्टपणे मांडले ते जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झने, १८६०च्या दशकात पूर्ण झालेल्या त्याच्या दृष्टिशास्त्रावरील ग्रंथात. दाट जंगलात माणूस स्तब्ध उभा राहिला तर समोरची पाने-फांद्या एकमेकांत मिसळून जातात आणि कोणती फांदी कोणत्या झाडाची हे सांगता येत नाही. तो पुढे निघाला की लगेच सगळे सुटे होते. हेल्महोल्ट्झचे जंगल युरोपातले होते, पण वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलाला हे वर्णन तंतोतंत लागू आहे. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या बोरचा गाभा अवघ्या १३८ चौरस किलोमीटरचा आहे. तिथल्या सागाच्या आणि बांबूच्या रानात पानगळीनंतर उभ्या रेषांचा असा दाट पसारा होतो की ठिपक्यांचे चितळ किंवा पट्ट्यांचा वाघ स्थिर असताना त्यात विरघळून जातो. त्याचे ठिपके, पट्टे आणि मागची उन्हाची तिरीप यांच्यात कड कुठे आहे हेच डोळ्याला सापडत नाही. जनावराने कान हलवला की कड उमटते, आणि पाहणाऱ्याने मान हलवली तरीही उमटते, कारण जनावर आणि मागचे खोड वेगवेगळ्या वेगाने सरकतात. शिकार होणारी जनावरे धोक्याची चाहूल लागताच थिजून उभी का राहतात, याचे उत्तर यात आहे. थिजल्याने ती आपल्या बाजूची हालचाल थांबवतात. पाहणाऱ्याची हालचाल मात्र त्यांना थांबवता येत नाही.

निरीक्षण कितीही पटले तरी ते पुरावा होत नाही. जंगलात चालताना झाकणे-उघडणे, आकार वाढणे, सावल्या बदलणे हे सगळे एकाच वेळी घडते. त्यातल्या एकट्या सरकण्यावरून खोली दिसते का, हे ठरवायला शंभरहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात जेम्स गिब्सनने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेवर काम केले आणि १९५० च्या पुस्तकात नवी दृष्टी दिली. उतरणाऱ्या वैमानिकासमोरची धावपट्टी एका बिंदूपासून चहूकडे वाहत जाते आणि त्या दृश्यप्रवाहातच दिशा, उंची, अंतर सामावलेले असते, हे त्याचे म्हणणे. १९५३ साली हान्स वालाख आणि ओ'कॉनेल यांनी वाकवलेल्या तारेची सावली पडद्यावर पाडली. तार स्थिर असताना सावली सपाट रेघोट्यांसारखी दिसे. तार फिरू लागली की पाहणाऱ्यांना तिथे घन आकृती दिसे. पण इथे वस्तू फिरत होती, पाहणारा नव्हे. निर्णायक प्रयोग १९७९ साली ब्रायन रॉजर्स आणि मॉरीन ग्रॅहम यांनी केला. त्याची वाट बेला युलेझने १९६० साली दाखवली होती: निव्वळ अस्ताव्यस्त ठिपके घ्यायचे, ज्यात कोणतीही ओळखीची आकृती नाही, म्हणजे इतर कोणतीच खूण उरत नाही. रॉजर्स आणि ग्रॅहम यांनी असे ठिपके पडद्यावर दाखवले, पाहणाऱ्याचा एक डोळा झाकला आणि त्याने डोके डावी-उजवीकडे हलवले की ठिपक्यांचे पट्टे त्याच प्रमाणात सरकतील अशी व्यवस्था केली. डोके स्थिर असेपर्यंत सपाट ठिपके आणि डोके हलताच लाटांसारखे वरखाली झालेले पृष्ठ, असा अनुभव पाहणाऱ्यांना आला. हालचाल ही खोलीची स्वतंत्र खूण आहे हे तेव्हापासून वादापलीकडे गेले. तीन वर्षांनी त्यांनीच दाखवले की या जाणिवेची आणि दोन डोळ्यांच्या जाणिवेची बारीकसारीक वैशिष्ट्ये विलक्षण सारखी आहेत. डोळ्यावरचा फरक तेवढाच ठेवला तर दोन डोळे जास्त संवेदनशील ठरतात हे खरे. पण रानात फरक तेवढाच राहत नाही. चालणारा माणूस तो हवा तेवढा वाढवून घेतो.

यापुढचा प्रश्न मला सगळ्या विषयात सर्वांत रोचक वाटतो. नुसत्या सरकण्यावरून जवळ कोण आणि दूर कोण हे ठरतच नाही. गाडीच्या खिडकीतून मधल्या विहिरीवर नजर रोखून पाहिले तर विहिरीच्या अलीकडची पऱ्हाटी मागे जाते, पण पलीकडची झाडे आपल्याबरोबर पुढे येताना दिसतात आणि सारे शिवार विहिरीभोवती गरगर फिरते. चंद्र आपल्यासोबत चालतो असे लहान मुलांना वाटते तेही यामुळेच. नजर टेकडीवर ठेवली की तेच झाड उलट दिशेने सरकते. म्हणजे डोळ्यातल्या पडद्यावर डावीकडे गेलेला ठिपका जवळचा आहे की लांबचा, हे आपण कशाकडे पाहत होतो यावर ठरते. मेंदू हा पेच कसा सोडवतो? मार्क नावरोट यांच्या प्रयोगांनी याचे उत्तर डोळ्याच्या स्नायूंकडे नेले. चालत्या गाडीतून विहीर नजरेत धरून ठेवायची तर डोळा सावकाश, सलग वळत राहावा लागतो. या सलग पाठलागाची आज्ञा मेंदूनेच दिलेली असते, आणि त्या आज्ञेची दिशा सरकण्याच्या दिशेशी ताडून तो जवळ-दूर ठरवतो. २००८ साली नॅडलर, अँजेलाकी आणि डीअँजेलिस यांनी माकडाच्या मेंदूत, गती ओळखणाऱ्या एमटी नावाच्या भागात, एकाच डोळ्याने पाहतानाही हालचालीवरून जवळ आणि दूर यांचा भेद करणाऱ्या पेशी सापडल्याचे दाखवले. पुढच्या वर्षी त्याच गटाने या पेशी डोळ्याच्या पाठलागाचा संकेत वापरतात हेही दाखवले. जवळ-दूरचा निकाल लावायला दृश्यातली गती पुरत नाही. स्वतःचा डोळा कुठे वळतो आहे याची खबर तिला जोडावी लागते.

या शोधाचा एक परिणाम वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने दखल घेण्यासारखा आहे. गांधी-विनोबांच्या वास्तव्यामुळे १९७० च्या दशकापासून या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि तिच्या बाजूने सहसा संसार, पैसा आणि नीती यांची कारणे दिली जातात. दारूने डोळ्याचा सलग पाठलाग बिघडतो. तो तुटक, धक्क्याधक्क्याने होऊ लागतो हे फार पूर्वीपासून माहीत होते. २००४ साली नावरोट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्याबरोबर हालचालीवरून खोली ओळखण्याची क्षमताही ढासळते. प्यालेला चालक हळू प्रतिसाद देतो एवढेच सांगितले जाते. खरे म्हणजे आडवा येणारा खांब आणि त्यामागची गाडी यांतले अंतरच त्याला नीट दिसत नसते, आणि आपल्याला नीट दिसत नाही हे कळायला त्याच्याकडे साधन नसते. मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा घातली आहे. ती कडक वाटणाऱ्यांनी हे संशोधन डोळ्यांपुढे ठेवावे.

दुसरा आक्षेप असा की हालचालीतून खोली काढायची तर जग स्थिर आहे हे गृहीत धरावे लागते, आणि जग तर स्थिर नसते. वाऱ्याने तूर डोलते, बैल चालतो, बंडी वळते. शिमॉन उल्मन यांनी १९७९ साली गणिताने दाखवले की वस्तू ताठ आहे, तिचा आकार बदलत नाही एवढे गृहीत धरले तर एका पातळीत नसलेल्या चार बिंदूंची तीन दृश्येही तिची घडण काढायला पुरतात. गृहीत फसले की जाणीवही फसते. संध्याकाळच्या आभाळावर जत्रेतला रहाटपाळणा लांबून, तिरकस कोनातून काळ्या आकृतीसारखा पाहिला तर तो क्षणात उलटा फिरू लागल्यासारखा वाटतो, कारण त्याची कोणती बाजू जवळ आहे हे त्या सपाट काळ्या आकृतीत लिहिलेले नसते. पण याच ठिकाणी पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हालचालीचे मोल दिसते. २००१ साली मार्क वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी डोळ्यावर पडणारे दृश्य अगदी तेच ठेवून दोन परिस्थिती तपासल्या: एकदा पाहणाऱ्याने स्वतः डोके हलवले, एकदा तो स्थिर राहिला आणि दृश्यच हलवले. दृश्य तेच असूनही दिसणारी वस्तू वेगळी निघाली. स्वतः हलणारा माणूस ज्या अर्थाने वस्तू जागच्या जागी स्थिर ठरेल तो अर्थ निवडतो. आक्षेपाचे उत्तर यात आहे. जग स्थिर मानण्याचे गृहीत मेंदू डोळे मिटून वापरत नाही. आपण किती हललो हे त्याला ठाऊक असते, आणि जेवढी हालचाल त्यातून उलगडत नाही तेवढी तो बैलाच्या किंवा बंडीच्या खात्यावर टाकतो.

प्राण्यांच्या जगातही याची साक्ष आहे. मे २०२० मध्ये विदर्भात, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातही, उतरलेल्या टोळधाडीतला टोळ उडी मारण्याआधी शरीर डावी-उजवीकडे झुलवतो. १९५९ साली वॉलेस यांनी टोळ झुलत असताना समोरचे लक्ष्यही सरकवले आणि टोळाच्या उडीचा अंदाज चुकला. चालताना मान पुढे-मागे करणारे पारवे सरकत्या पट्ट्यावर एकाच जागी चालवले, म्हणजे भोवतालचे दृश्य सरकेनासे केले, की मान हलवणे जवळजवळ थांबते, हे बॅरी फ्रॉस्ट यांनी १९७८ साली दाखवले. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असलेल्या पाखराला दोन डोळ्यांच्या फरकाचा फारसा आधार नसतो, आणि तरीही ते ज्वारीचा दाणा नेमका टिपते.

आतापर्यंत बोललो ते आडव्या हालचालीबद्दल. जीव घेणारी हालचाल बहुधा समोरून येते, आणि तिथे पराशय जवळजवळ नाहीसा होतो. उरते ती वस्तूची वाढ. १९७६ साली डेव्हिड ली यांनी दाखवले की येणाऱ्या वस्तूचा दिसणारा आकार भागिले तो वाढण्याचा वेग, या एका गुणोत्तरातून ती आदळायला किती वेळ उरला हे निघते, आणि त्यासाठी तिचे अंतर किंवा खरा वेग माहीत असावा लागत नाही. क्रिकेटमध्ये याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मन्सूर अली खान पतौडी यांचे आहे. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडात मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले आणि पुढे ४६ कसोट्यांत ६ शतके काढली. दोन डोळ्यांशिवाय अंतर कळत नाही असे मानले तर ही कारकीर्द समजत नाही. फुगत येणारा चेंडू एका डोळ्यालाही आपली वेळ सांगतो असे मानले तर ती समजते, आणि तरीही तिच्यातले कौतुक कमी होत नाही, कारण डोळा गेल्यावर इतर खुणांवर नव्याने विसंबायला त्यांना काही महिन्यांतच शिकावे लागले होते.

पण ही वाढ लांबच्या वस्तूत फार थोडी असते. १.८ मीटर रुंद मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने येत असेल तर १०० मीटरवर तिची दिसणारी रुंदी सेकंदाला एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वाढते. अंतर निम्मे झाले की वाढ चौपट होते. म्हणजे बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग सगळे एकदम घडते. अरुंद मोटारसायकलीची वाढ याहूनही कमी, म्हणून माणसे मोटारसायकल पोचायला मोटारीपेक्षा जास्त वेळ आहे असे समजतात, हे प्रयोगांत दिसले आहे. रेल्वेगाडीच्या बाबतीत उलटा घोटाळा होतो. मोठ्या वस्तूंचा वेग कमी भासतो, हे हर्शेल लाइबोविट्झ यांनी १९८५ साली फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात मांडले. धुके पडले की दृश्याचा उठाव कमी होतो, आणि स्नोडेन व सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवल्याप्रमाणे वेग आणखी कमी वाटतो. वर्धा जिल्ह्यातून दोन मोठे रेल्वेमार्ग जातात आणि ११ डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग. येळाकेळी किंवा विरूळला महामार्गावरून खाली उतरणारा चालक ताशी १२० किलोमीटरच्या दृश्यप्रवाहाला सरावलेला असतो. गावच्या रस्त्यावर ७० चा वेग त्याला रांगल्यासारखा वाटतो. वेगाची ही सवय डोळ्यात काही काळ टिकते हे प्रयोगांनी दाखवले आहे. स्कॉटलंडमध्ये १९७० च्या दशकात चौकाआधी रस्त्यावर जवळजवळ येत जाणारे आडवे पट्टे रंगवले गेले. पट्टे दाट झाले की चालकाला आपण जास्त वेगात आहोत असे वाटते आणि तो वेग उतरवतो. आपल्याकडे अशा उतरत्या रस्त्यांवर गतिरोधकांवरच भर असतो. नजरेशी बोलणारे पट्टे स्वस्त आहेत आणि पाठीचा कणा मोडत नाहीत.

सर्वांत जड आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला आहे. हालचाल अंतराचा हिशेब देते, पण दोन डोळ्यांनी मिळणारा भरीवपणा ती देते का? अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ सुझन बॅरी यांचे डोळे लहानपणापासून तिरळे होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सरावाने त्यांना दोन डोळ्यांची एकत्रित दृष्टी मिळाली. तोपर्यंत त्या गाडी चालवत, चालत, जगत होत्या. तरी नवी दृष्टी आल्यावर पडणाऱ्या बर्फाच्या कणांमधली मोकळी जागाच त्यांना प्रथम दिसली आणि आपण त्या बर्फाच्या आत उभ्या आहोत असे जाणवले. हालचालीने तोवर ते दिले नव्हते. हे मी नाकारत नाही. हातापुरत्या जगात दोन डोळ्यांची जागा हालचाल पूर्णपणे घेऊ शकत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यांत एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि दुसऱ्याची वाट पाहणारे रुग्ण असतात, आणि खेड्यांतून ज्वारीच्या धसकटाने किंवा फांदीच्या फटक्याने एक डोळा गमावलेली माणसे असतात. पेल्यात पाणी ओतताना त्यांचा हात चुकतो. पण १९९५ साली मारोटा, गुडेल आणि सहकाऱ्यांनी एक डोळा काढावा लागलेल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा वस्तू उचलताना असे रुग्ण डोके जास्त हलवतात आणि काळ जाईल तशी ही हालचाल वाढत जाते असे दिसले. कुणी शिकवले नसताना शरीर पराशयाकडे वळते. डोळा गमावलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी पाठवताना मान हलवून पाहायला सांगणे हा दोन मिनिटांचा सल्ला आहे, आणि तो दिला जायला हवा.

बालपणाचा पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. अंगावर फुगत येणाऱ्या आकृतीला काही आठवड्यांची बाळे दचकून प्रतिसाद देतात. दोन डोळ्यांची खोली सुमारे चौथ्या महिन्यात उमलते. यावरून हालचाल आधी आणि डोळ्यांची जोडी नंतर असे म्हणण्याचा मोह होतो, पण पराशयावरून जवळ-दूर ओळखणे मात्र बाळांना चौथ्या महिन्याच्या आसपासच जमते, म्हणजे दोन डोळ्यांच्या बरोबरीने. त्याला डोळ्याचा सलग पाठलाग स्थिरावावा लागतो हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. उशिरा दृष्टी मिळालेल्यांचा पुरावा अधिक ठाम आहे. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून किंवा बालपणापासून न दिसणाऱ्या भारतीय मुलांवर आणि तरुणांवर उपचार होतात. त्यातल्या तिघांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थिर चित्रातले एकमेकांवर आलेले चौकोन आणि गोल त्यांना तुकड्यातुकड्यांत दिसत. त्यांना सावलीची कडही वस्तूची कड वाटे. आकृत्या हलू लागल्या की जे एकत्र हलते ते एक, हे त्यांना ताबडतोब कळे, आणि पुढे त्या आधाराने स्थिर चित्रेही उलगडू लागत. नजर घडत असताना हालचाल ही पहिली शिक्षिका असते, या मताला यापेक्षा चांगला आधार मला माहीत नाही.

आता व्यवहाराकडे. वाहन परवान्यासाठीच्या स्वयंघोषणेत चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखता येते का असे विचारतात. किमान ५ वर्षे परवाना असलेल्याचा नंतर एक डोळा गेला तर तो एका डोळ्याने हे सांगू शकतो. या सवलतीमागे नकळत हेच मान्य केले आहे की अनुभवी चालकाची अंतराची जाण दोन डोळ्यांवर अडलेली नसते. पण चाचणी पूर्णपणे स्थिर आहे. नंबरप्लेट स्पष्ट वाचणाऱ्या वृद्धालाही हालचालीवरून खोली ओळखणे तरुणापेक्षा जड जाते हे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे, आणि ते नंबरप्लेटवरून कधीच कळणार नाही. साध्या पडद्यावर फुगत येणारी आकृती दाखवून ती येते आहे हे किती लवकर ओळखले जाते, हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. सेवाग्रामला १९६९ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून अशा मोजणीची सुरुवात झाली तर ती जिल्ह्यातल्या रस्त्यांवरच्या माणसांची मोजणी असेल. मुलांसाठी तर वाट पाहण्याचेही कारण नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील जॉन वान आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की पाच सेकंदांच्या अंतरावरची गाडी ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून वेगात असेल तर प्राथमिक शाळेतल्या मुलांना ती येते आहे हे खात्रीने कळत नाही. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे नीट बघ असे आपण मुलांना शिकवतो आणि ती बघतातही. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरून जाणाऱ्या रस्त्यावरचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत आणणे हे मोठ्यांचे काम आहे, कारण त्याहून वेगाने येणारी गाडी त्या मुलांच्या डोळ्यांना उभी असल्यासारखीच दिसू शकते.